दुसरी किल्ली

पुण्यात मी भाडेकरारांच्या ऑनलाइन नोंदणीचं काम करतो. लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरोघरी जायचं. नोंदणी झाली की आपलं काम संपलं, असं मी धरून चालायचो.

एका मंगळवारी सकाळी कोथरूडच्या एका घरमालक काकांचा फोन आला. आवाज कापत होता. "लगेच या. ती मुलगी पोलिसांत जाईन म्हणतेय."

बाथरूम गळत होतं म्हणून काका प्लंबरला घेऊन गेले होते. दोनदा बेल वाजवली, दार उघडेना. ऑफिसला गेली असेल असं समजून त्यांनी आपल्याकडच्या किल्लीनं दार उघडलं. मुलगी रात्रपाळी करून झोपली होती. जागी झाली तर हॉलमध्ये दोन पुरुष.

मी पोचलो तेव्हाही तिचे हात थरथरत होते. काकांना मात्र खरंच कळत नव्हतं. "माझंच घर, तिच्याच सोयीसाठी आलो ना?"

तिनं मोबाइल पुढे केला. १९ दिवसांत पाच मेसेज. पाचही काकांनी वाचलेले, उत्तर एकालाही नाही. "काका, मला वाटलं तुम्हाला काही पडलेलीच नाही."

"अगं, तीन प्लंबरांच्या मागे लागलो होतो. कुणी येईना. माणूस मिळाला की सांगू म्हटलं."

एवढंच त्यांनी पहिल्या आठवड्यात लिहायला हवं होतं. मला फार वाईट वाटलं, कारण माणूस कळवळ्याचा होता.

मी करार उघडला. मालकानं पाहणीला यायचं ते पूर्वसूचना देऊन, योग्य वेळी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २८ मध्येही हेच आहे. अंगठे घेताना मी ही अट भराभर वाचून टाकली होती. दोघांच्या कानावरून गेली, त्यात दोष माझा. आता सावकाश वाचली. हल्ली मी मशीन लावण्याआधी दोघांना समोरासमोर विचारतो: तक्रार कुठे कळवायची, उत्तर किती दिवसांत, येण्याआधी किती तास सांगायचं, दुसरी किल्ली कुणाकडे. ठरेल ते करारात लिहितो.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चुकलं माझं, बाळा." खिशातून मोबाइल काढून त्यांनी तिथेच बसून टाइप केलं: "उद्या ५ वाजता प्लंबर येईल. मी सोबत असेन. तासभर लागेल. चालेल का?"

समोर तिचा मोबाइल वाजला. तिनं वाचलं, आणि तिथूनच लिहून पाठवलं: "साडेपाच चालेल, काका."