आमटीतली पूड

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी 22 वर्षं दिवाणजी आहे. सौदा झाला की शेतकऱ्याची हिशेबाची पट्टी करायची, तोलाई-हमाली वजा करून हातात द्यायची. मागची पाच-सहा वर्षं सकाळी पेन धरलं की हात थरथरायचा, हमालीचा आकडा तोलाईच्या रकान्यात जाऊन बसायचा. मग घरातूनच दारूचा एक नव्वद, म्हणजे 90 मिली, मारून निघायला लागलो. हात थांबायचा. त्याला मी औषध म्हणायचो.

दारू आपल्या ताब्यात आहे हे दाखवायला दरवर्षी श्रावण पाळायचो. तीन वर्षांपूर्वी असाच गटारीनंतर एकदम बंद केली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात पोत्यांवर फिट येऊन पडलो. हमालांनी कांदा हुंगवला, चप्पल नाकाशी धरली. शुद्धीवर आल्यावर मी संध्याकाळी काय केलं असेल? श्रावण मोडला.

त्यानंतर बायकोनं कुठून तरी 'न सांगता दारू सोडवा' म्हणून पूड आणली आणि आमटीत घालायला लागली. मला पत्ता नाही. त्या रात्री जेवून परत बाहेर पडलो, अर्धी क्वार्टर पोटात गेली नाही तोच तोंड तव्यासारखं तापलं. छाती धडधडायला लागली, उलट्या, डोळ्यांपुढं अंधार. मिरजेला नेलं तेव्हा बीपी पार खाली गेलं होतं. तिथं तिनं रडत रडत पुडीचं सांगितलं. मला राग यायला पाहिजे होता. पण तिच्याकडं बघून आला नाही.

मानसोपचाराचे डॉक्टर तिला शांतपणे म्हणाले, "पुडीत काय होतं ते तपासल्याशिवाय कळणार नाही, पण लक्षणं डायसल्फिरामसारखी आहेत. ते दारू सोडवायचं औषध खोटं नाही. मात्र घेणाऱ्याला माहीत पाहिजे. नाहीतर एखाद्याचा जीव जाईल." दारू पचताना शरीरात ॲसिटाल्डिहाइड नावाचं विष तयार होतं. एरवी ते पुढं मोडून जातं, डायसल्फिरामची गोळी ते मोडू देत नाही. गोळी बंद केली तरी दोन आठवडे तिचा असर राहू शकतो, खोकल्याच्या औषधातला अल्कोहोलसुद्धा चालत नाही.

मग माझी फिटची गोष्ट ऐकून मात्र ते मलाच रागावले. रोज पिणाऱ्यानं स्वतःच्या मनानं एकदम बंद करायची नाही. फिट येते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो, माणूस दगावतोही. मला आठ दिवस ॲडमिट केलं. थायमिनची, म्हणजे बी-1 जीवनसत्त्वाची, इंजेक्शनं दिली, थरथर आणि फिट रोखणाऱ्या क्लोरडायझेपॉक्साइडच्या गोळ्या रोज थोड्या थोड्या कमी करत थांबवल्या. चौथ्या दिवशी मी चहाचा कप एका हातानं उचलला. बशीत काही सांडलं नाही. त्या कपाकडं मी बराच वेळ बघत बसलो.

पुढं दारूची ओढ कमी करायला कुठलं औषध घ्यायचं यावर बोलणं झालं. ॲकॅम्प्रोसेट घ्यायचं तर दिवसातून तीनदा दोन-दोन गोळ्या. सौद्याच्या गडबडीत मला जमलं नसतं. म्हणून नाल्ट्रेक्सोन 50 मिलिग्रॅम, रोज एक. आधी लिव्हरची तपासणी, आणि अफूच्या जातीची वेदनाशामकं, म्हणजे ट्रॅमाडॉलसारखी, अजिबात नाहीत. पहिला आठवडा मळमळ, डोकेदुखी. नंतर काहीच नाही. मी तर शिक्षेची वाट बघत होतो.

चैत्रात भाच्याच्या लग्नात पुतण्यांनी ग्लास हातात दिला. प्यायलो. काही झालं नाही! ना उलटी, ना धडधड. पण मजाही आली नाही. मीठ विसरलेल्या भाजीसारखी लागली. अर्धा ग्लास तसाच ठेवून मी मठ्ठा प्यायला गेलो. असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

समुपदेशनाला मात्र जात नव्हतो. बोलून काय होतंय, असं वाटायचं. चार महिन्यांनी बरं वाटलं म्हणून गोळीही सोडली आणि तीन आठवड्यांत पुन्हा नव्वदीवर आलो. दुसऱ्या खेपेला गोळीबरोबर समुपदेशकाकडंही गेलो. उपदेशाची तयारी ठेवली होती. त्या बाईंनी एवढंच विचारलं, "दुकान बंद करून घरी कुठल्या रस्त्यानं जाता?" सांगितलं. "त्या रस्त्यावर काय काय लागतं?" पानपट्टी, भडंगवाला, आणि बार. साडेसातला माझे पाय आपोआप तिकडं वळत होते, ते गोळीला कुठून कळणार? आता मी मागच्या गेटनं जातो. दीड किलोमीटर जास्त पडतं. पावसाळ्यात वैताग येतो.

दीड वर्ष झालं. मध्ये दोनदा घसरलो, दोन्ही वेळा डॉक्टरांना सांगितलं. आता गोळी ताटाशेजारी उघडी असते, बायको समोर बसते. परवा आमटी कडू लागली. मी हात थांबवून तिच्याकडं बघितलं.

"मेथी जास्त पडली ओ," ती म्हणाली, आणि माझ्याच ताटातली चमचाभर खाऊन दाखवली.