व्हाइट मेटल आणि ‘शुक्रवारी या’

बारा इंची रंधा मशीन भंगारात शोधणं, उचलून आणणं आणि गंज काढणं, सगळं मिळून तीन रविवारांचं काम. त्यानंतर दोन बेअरिंगांनी तीन महिने खाल्ले. म्हणून लिहायचं ते मुख्यतः बेअरिंगांबद्दलच.

मशीन बंद पडलेल्या सॉ मिलमधलं, अख्खं बिडाचं, वजन 380 किलो. भंगारवाल्याने 42 रुपये किलोने दिलं. घेण्याआधी एकच गोष्ट पाहिली, कटर ब्लॉक, म्हणजे पाती धरून फिरणारा दांडा, गोल आहे की चौकोनी. चौकोनी असेल तर फुकटही आणू नका. त्यात ब्लॉक आणि बेडमधली (लाकूड ज्यावरून सरकतं त्या पाटामधली) फट मोठी राहते, बोट खोलवर जातं. हाताने लाकूड सरकवायच्या रंध्यावर असला ब्लॉक वापरायला इंग्लंडात 1922 पासून बंदी आहे. आपल्याकडे भंगारात मात्र अजून दिसतो.

गंजाला डिझेल आणि वायर ब्रश पुरे. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

आता बेअरिंग. कटरचा शाफ्ट बॉल बेअरिंगवर नव्हता. तो व्हाइट मेटलवर, म्हणजे कथिलात अँटिमनी आणि तांबं घातलेल्या मऊ धातूवर फिरत होता. बेअरिंगची कॅप (वरचं झाकण) उघडली तर पुलीकडची बाजू अंडाकृती झिजलेली. पाहणारा प्रत्येक जण म्हणाला, “बॉल बेअरिंग बसवा की!” शाफ्ट दीड इंची, म्हणजे 38.1 मिमी. 6208 नंबरच्या बॉल बेअरिंगचं भोक 40 मिमी आणि बाहेरचा व्यास 80. तेवढं बोअर केलं असतं तर माझ्या हाउसिंगला, म्हणजे बेअरिंग धरणाऱ्या बिडाच्या भागाला, भिंतच उरली नसती.

म्हणून व्हाइट मेटल भरायला एका वर्कशॉपमध्ये दिलं. “शुक्रवारी या.” असे सहा शुक्रवार झाले. सातव्या शुक्रवारी मिळालं, घरी बसवलं, आणि दहा मिनिटांत पुलीच्या बाजूने धूर. कॅप काढून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं तर अस्तर सोलपटासारखं सुटून हातात आलं. पृष्ठभागावर सायीसारख्या सुरकुत्या, खाली काळं तेल. दोन्ही खुणा बोलक्या आहेत. सुरकुत्या म्हणजे हाउसिंग थंड होतं, धातू ओतता ओतताच गोठला. तेल म्हणजे साफच केलं नव्हतं. बिडाला हा धातू सहजी चिकटत नाही, म्हणून हाउसिंगला आतून खाचा आणि भोकं असतात. धातू त्यात शिरून अडकतो. त्या भोकांत जुना तेलकट माल तसाच होता, मग नवा धरणार कशाला?

दुसऱ्यांदा घरीच भरलं. आधी जुना धातू भोकांतूनसुद्धा वितळवून काढला. मग हाउसिंग कास्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून तेल घालवलं. शाफ्टला रॉकेलच्या चिमणीची काजळी धरली, म्हणजे धातू चिकटत नाही. शाफ्ट मधोमध बसवून टोकं मातीने बंद केली. माती ठणठणीत वाळलेली हवी. ओल राहिली तर तिची वाफ होऊन तापलेला धातू तोंडावर उडतो. चष्मा, हातमोजे घालाच. ओतायच्या आधी हाउसिंग आणि शाफ्ट दोन्ही इतके तापवले की पाण्याचा थेंब टाकताच चुर्र व्हावा. तो सुकेपर्यंत थांबायचं.

धातूचा ताव पाहायला थर्मामीटर नव्हता, चिडाची (पाइनची) सुकी काडी बुडवली. काडीवर काही खूण नाही तर थंड, तपकिरी झाली तर बरोबर, पेटली तर जळका. वरची मळी काढून एका दमात ओता, मध्ये थांबलात की सांधा पडतो. आधी खालचा अर्धा भाग, मग मध्ये पितळी शिमा (पातळ पट्ट्या) ठेवून कॅप.

निळा रंग लावून शाफ्ट फिरवायचा आणि जिथे डाग उठेल तिथे स्क्रेपरने खरवडायचं. दोन्ही बाजूंना मिळून हे चार संध्याकाळी चाललं. शाफ्ट आणि धातूमधली फट व्यासाच्या प्रत्येक इंचाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे इथे दीड थाऊ, साधारण 0.04 मिमी. शाफ्ट खालून उचलून डायल गेजवर मोजली. कमी वाटली तर शिम वाढवा. तेलाची खाच बेअरिंगच्या टोकापर्यंत नेऊ नका, तेल बाहेर पळतं.

अर्धा तास रिकामं चालवलं. हाउसिंगवर हात ठेवता येत होता. वर्कशॉपवाल्याला फोन करून सांगायचा मोह आवरला.

मोटर 2880 आरपीएमची. तिच्यावर 125 मिमीची पुली आणि कटरवर 90 ची, म्हणजे बरोबर 4000 फेरे. मोटर थ्री फेज असते. घरी सिंगल फेज असेल तर ड्राइव्ह (सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवणारं उपकरण) लावता येतो, पण तो 230 व्होल्टच देतो. 415 ला स्टारमध्ये जोडलेली मोटर डेल्टात करून घ्यावी लागते (स्टार आणि डेल्टा म्हणजे मोटरच्या वायरी जोडायच्या दोन पद्धती). त्यासाठी सहाही वायरी बाहेर आलेल्या आहेत का, हे मोटर घेतानाच पाहा.

बेड सरळ आहेत का, हे खरं तर बेअरिंगच्याही आधी पाहायचं. मी विसरलो होतो. दोन्ही बेडांवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून एका डोळ्याने बघा. पीळ असेल तर सरकत्या खाचेत पितळी पत्रा घालून काढता येतो.

पाती बसवताना मोटरचा प्लग काढा. मागच्या, म्हणजे लाकूड बाहेर पडतं त्या बेडवर लाकडी पट्टी ठेवा, तिचं टोक कटरवर आलं पाहिजे. मग ब्लॉक हाताने फिरवा. पातीने पट्टी 3 मिमी ओढली पाहिजे, दोन्ही टोकांना सारखीच.