गोवरचा टायटर 'बॉर्डरलाइन' आला तेव्हा

परदेशी युनिव्हर्सिटीच्या फॉर्मवर दोनच पर्याय होते: एमएमआरच्या (गोवर, गालगुंड, रुबेला यांची एकत्र लस) दोन डोसची नोंद, नाहीतर गोवर आयजीजीचा, म्हणजे रक्तातल्या गोवरविरोधी अँटीबॉडीच्या पातळीचा (टायटरचा) रिपोर्ट. वय 31, लहानपणचं कार्ड गहाळ. म्हणून सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका लॅबमध्ये रक्त दिलं. तिथेच चुकलं.

रिपोर्ट आला 'इक्विव्होकल'. धड हो नाही, धड नाही नाही. वर काउंटरवरून ऐकवलं, "लसीची पॉवर दहा वर्षांत संपतेच." साफ चूक! रक्तातल्या अँटीबॉडी वर्षागणिक उतरतात, हे खरं. पण मेमरी पेशी विषाणू ओळखतात आणि तो आला की अँटीबॉडी पुन्हा भराभर बनतात. शिवाय अँटीबॉडी मोजणारी नेहमीची एलायझा टेस्ट लसीने आलेली कमी पातळी नीट पकडत नाही; गोवर होऊन गेलेल्याचा आकडा बहुधा मोठा येतो. दोन डोसचं संरक्षण जन्मभराचं धरतात. त्यांची लेखी नोंद असेल तर टायटर निगेटिव्ह आला तरी अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सीडीसी तिसरा डोस मागत नाही.

आमच्या पिढीची गोम निराळी. सरकारी लसीकरणात गोवरची लस 1985 ला आली, दुसरा डोस 2010 पासून. आम्हाला नवव्या महिन्यातला एकच मिळाला, आणि त्या वयात आईकडून आलेल्या अँटीबॉडी लसीच्या आड येतात. शंभरातल्या साधारण 85 बाळांनाच तो लागू पडतो. बाकीच्यांची प्रतिकारशक्ती संपणार कुठून, ती तयारच झालेली नसते.

म्हणून कार्ड नसेल तर रक्त देऊ नका, सरळ दोन डोस घ्या, मध्ये किमान 28 दिवस. आधीची प्रतिकारशक्ती असली तरी जादा डोसने काही बिघडत नाही. लॅबच्या फेऱ्यांत माझे तीन आठवडे गेले. तेवढ्यात दुसरा डोस तोंडावर आला असता.

कुपीत कोरडी पावडर असते, द्रावण वेगळं. डोळ्यांसमोर मिसळायला लावा. लस 2 ते 8 अंशांत राहायला हवी, त्यामुळे सोलापूरच्या मे महिन्यात मेडिकलमधून पिशवीत घालून आणण्याचा उद्योग नको. फ्रिज असलेल्या डॉक्टरांकडेच घ्या. डोस 0.5 मिली, दंडावर, कातडीखाली. सहा ते बारा दिवसांनी ताप किंवा बारीक पुरळ येऊ शकतं.

हो, टीबीची मान्टू टेस्ट करायची असेल तर लसीच्याच दिवशी करा, नाहीतर चार आठवडे थांबा. मधल्या काळात ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. गरोदरपणी ही लस घेत नाहीत, घेतल्यावरही महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत.

सर्टिफिकेटवर दोन्ही तारखा आणि बॅच नंबर हवेत, लिहिलेलंही 'एमएमआर'च हवं. सरकारी लसीकरणातली एमआर चालणार नाही, तिच्यात गालगुंड नसतो.