थाळनेर : किल्ल्यासाठी नव्हे, हजिऱ्यांसाठी जावे

एकामागून एक पाच दरवाजे, तीन बाजूंच्या खोल घळीतून साठेक फूट वर उठलेला तट आणि चौथ्या बाजूस थेट तापी, हे थाळनेरच्या किल्ल्याचे वर्णन १८१८ सालच्या इंग्रज लष्करी वृत्तांतातले आहे, आणि ते वाचून जो जाईल त्याची फसगत ठरलेली आहे. माझी झाली. धुळे ते शिरपूर हा महामार्ग सरळ आहे. शिरपुरात मात्र ‘किल्ला’ शब्द ऐकताच रिक्षावाल्याने केवळ जाण्याचे पाचशे रुपये सांगितले आणि उन्हाला भिऊन मी ते दिले. परतीला एसटी मिळाली, तेव्हा स्वतःचाच राग आला.

किल्ल्यावर पाच दरवाज्यांची ती मालिका शोधूनही हाती लागली नाही. गावातले एक आजोबा आधीच म्हणाले होते, “आते तठे काय ऱ्हायनं?” तरी मी नदीकडच्या घळीत उतरलो. ती उतरण वाईट आहे : माती पायाखालून सुटते, बाभळीचे काटे बुटात शिरतात आणि चढताना धरायला काहीच नसते. पावसाळ्यात तिथे कोणी जाऊच नये.

वर बसून दम खाताना २७ फेब्रुवारी १८१८ आठवत होता. मंदसौरच्या तहाने होळकरांनी खानदेश सोडला होता, तरीही किल्लेदार तुळशीराम मामाने इंग्रज सेनापती हिस्लॉपच्या फौजेवर तोफा चालवल्या. आतल्या दरवाज्याशी बोलणी चालू असताना चकमक उडून दोन इंग्रज अधिकारी पडले, शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदार फासावर गेला.

खरे थाळनेर खानदेशच्या फारुकी राजांच्या थडग्यांत आहे, ज्यांना हजिरे म्हणतात. फिरोजशहा तुघलकाकडून १३७० मध्ये हा मुलूख मिळवलेला मलिक राजा १३९९ मध्ये वारला, तो येथेच विसावला आहे. त्याचा मुलगा नासिर खान याने डोल्यांत बायकांऐवजी शिपाई बसवून आशा अहिर या सरदाराचा असीरगड किल्ला घेतल्याची कथा फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. पुढे बुऱ्हाणपूर वसले आणि थाळनेर मागे पडले. कोरीव अष्टकोनी हजिरा पाहण्यासाठी एक तास राखून ठेवावा. तो मी शेवटी पाहिला, घळीत उतरून पाय थकलेले असताना, ही चूक. सकाळी प्रथम तिथेच जावे, पाणी बरोबर न्यावे, आणि रिक्षा करायचीच असेल तर परतीसह भाडे आधी ठरवावे.