पडवीचा उतार

कोकणातले जुने घर एका दमात बांधून पुरे झाले, असे सहसा घडत नसे. आधी जोते घालून ओटी, माजघर आणि स्वयंपाकघर एवढेच उभे राही. मग थोरल्याचे लग्न ठरले, गोठ्यात आणखी एक गाय आली किंवा भात ठेवायला जागा पुरेना, की घराच्या कोणत्या तरी एका अंगाला पडवी काढली जाई. मूळ आढ्याला हात लावायचा नाही, भिंतीवर टेकलेले वासे तसेच खाली लांबवायचे, टोकाशी खांब उभे करायचे, रिपा ठोकून वर कौले चढवायची आणि खालची जमीन चोपून सारवून घ्यायची, घर वाढले. नकाशा नाही, अर्ज नाही, आणि गावातल्या सुताराखेरीज कोणाचा सल्लाही नाही. या सोप्या युक्तीत एक बंधन मात्र होते, आणि पडवीपेक्षाही मला त्या बंधनाचेच जास्त कौतुक वाटते.

ते बंधन उताराचे. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या प्रदेशात कौलारू छपराला दोन फुटांमागे निदान एक फूट तरी उतार द्यावाच लागतो; तो कमी पडला, तर वाऱ्याच्या रेट्याने पाणी कौलांच्या सांध्यांतून उलटे वर चढते आणि आत गळू लागते. आता हिशेब करावा. भिंतीचा माथा १० फुटांवर असेल आणि तिथून ८ फूट रुंदीची पडवी काढली, तर तिची वळचण, म्हणजे छपराची खालची कड, जमिनीपासून ६ फुटांवर येते. हौसेने १० फूट रुंदी धरली, तर वळचण ५ फुटांवर उतरते आणि घरच्या जावयालाही वाकूनच आत यावे लागते. गवताच्या छपराला तर याच्या दुप्पट उतार हवा, म्हणजे तिथे पडवी आणखी अरुंद. पुढे अंगण कितीही मोठे असले, तरी पडवी सात-आठ फुटांपलीकडे जात नसे, ती यामुळे. घराची हाव घराच्या छपरानेच आवरून धरलेली होती.

शिवाय त्या खाली आलेल्या वळचणीचे उपकारही होते. नैऋत्येकडून येणारी झड ओटीच्या भिंतीपर्यंत पोहोचत नसे, त्यामुळे मातीच्या काय किंवा जांभ्याच्या काय, भिंती कोरड्या राहत. दुपारचे ऊन थेट आत न येता आधी अंगणावर पडे आणि तिथून परतलेला मऊ उजेडच तेवढा पडवीत शिरे. पुढच्या पडवीत झोपाळा किंवा बाकडे, मागच्या पडवीत जाते, उखळ, लाकडे आणि पावसाळ्यासाठी साठवलेल्या गोवऱ्या, अशी तिची वाटणीही ठरलेली असे. पडवीची जागाही पुरी पडत नसे, तेव्हा भाताची कापणी आटोपल्यावर पुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, मांडव उभा राही, ज्याला दक्षिण कोकणात माटव म्हणतात. पोफळीचे किंवा बांबूचे खांब, वर आडवे बांबू, आणि त्यांवर माडाची विणलेली झापे. लग्ने त्याखाली होत, उन्हाळ्यात मुले त्याखाली झोपत, सोले आणि आंबोशी उन्हात घातली की राखण करणारी आजी त्याच्याच कडेला बसून राही. मिरगाच्या आधी तो उतरवला जाई. बागेतली खोली हा शब्द हल्ली सजावटीच्या मासिकांतून फार दिसतो. आठ महिने असणारी आणि चार महिने स्वतःहून नाहीशी होणारी अशी बागेतली खोली या लोकांनी फार पूर्वीच साधली होती.

या अर्ध्या आतल्या, अर्ध्या बाहेरच्या जागांचे गुणगान करताना एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. कोणी खळ्यातच थांबायचे, कोणी पडवीपर्यंत यायचे आणि कोणाला ओटीवर बसायला पाट मिळायचा, हे जातीवरून ठरत असे. घरातल्याच बायकांना महिन्याचे काही दिवस मागच्या पडवीत काढावे लागत. ज्या पायऱ्यांना आपण आज वास्तूचे सौंदर्य म्हणतो, त्या प्रत्यक्षात माणसांच्या पायऱ्याही होत्या. गोव्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांचा बाल्कांव, दोन्ही बाजूंना सोपे, म्हणजे बसायचे कट्टे, बांधलेला आणि थेट रस्त्याकडे तोंड करून बसलेला, मला यासाठीच अधिक मोकळ्या स्वभावाचा वाटतो, जरी त्यावर बसणाऱ्यांच्या नजरेतून जाणारा-येणारा कोणीही सुटत नसला तरी.

कौलांचे बंधन सुटले ते पत्र्याने. पन्हळी पत्रा पाच ते दहा अंशांच्या उतारावरही निमूटपणे पाणी वाहून नेतो, त्यामुळे लोखंडी पाइपांचा सांगाडा उभारून पडवी १५ फूट, २० फूट, मनाला येईल तेवढी पुढे नेता येते. पण उतार कमी म्हणजे वळचण उंच. वळचण उंच म्हणजे झड सरळ आत. मग बाजूंना पत्रे किंवा काचा लावाव्या लागतात. काचा लावल्या की वारा थांबतो, आणि वरचा पत्रा एप्रिलमध्ये इतका तापतो की पंखा गरम हवाच फिरवत राहतो. म्हणून पत्र्याखाली छत ठोकले जाते. शेवटी जे तयार होते ती आणखी एक बंद खोली असते आणि तिच्या बाहेर पुन्हा चपला काढायला जागा उरलेली नसते.

शहरात हाच प्रवास उलट्या दिशेने झाला. मुंबईत चटई क्षेत्राच्या, म्हणजे भूखंडावर परवानगी असलेल्या एकूण बांधकामाच्या, हिशेबात बाल्कनी, कोनाडे आणि फ्लॉवर बेड ठरावीक मर्यादेपर्यंत मोजले जात नसत, तोवर प्रत्येक खिडकीखाली एकेक फ्लॉवर बेड नकाशावर उगवत असे. ताबा मिळाल्यावर मधली भिंत काढून तो खोलीत घेतला जाई आणि त्यावर गादी टाकून बसायची सोय होई. ज्याच्या नावात फूल आहे, त्याने फूल कधी पाहिलेच नाही. जानेवारी २०१२मध्ये नियम बदलले, हे सारे क्षेत्र मोजणीत धरले गेले आणि त्याबदल्यात निवासी इमारतींना अधिमूल्य भरून ३५ टक्क्यांपर्यंत जादा क्षेत्र मिळू लागले. नव्या इमारतींच्या नकाशांतली फुले त्यानंतर बरीच कमी झाली.

ज्यांनी खरोखरच माती भरली, त्यांचा प्रश्न वेगळा. ६ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल अशा वाफ्यात साडेतेरा घनफूट माती मावते. ओल्या मातीचे एक घनफूट ५० किलोंच्या आसपास भरते, म्हणजे जास्वंदीच्या दोन झाडांसाठी पावणेसातशे किलो वजन इमारतीच्या कडेला लटकत राहते. बाहेर झुकलेल्या स्लॅबमध्ये मुख्य सळ्या वरच्या बाजूला असतात, आणि मातीतून झिरपणारे पाणी नेमके तिथेच मुरते. कुंडीत तुळस लावणाऱ्या बायका अभियंत्यांपेक्षा शहाण्या होत्या, असे म्हणायचा मोह होतो.

वाढीची ही ओढ आधीच ओळखून घरे आखण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचे नाव अगत्याने घ्यावे लागेल. मुंबईत समुद्राचा वारा आणि देखावा पश्चिमेला, आणि रणरणते ऊन व पावसाचा मारा हेही पश्चिमेलाच. कंबाला हिलवरच्या १९८३ सालच्या कंचनजंगा इमारतीत त्यांनी दोन मजले उंचीच्या बागा कोपऱ्यांत कोरून काढल्या, आणि जुन्या बंगल्याचा व्हरांडा अधांतरी नेऊन ठेवला. पण ती श्रीमंतांची गोष्ट झाली. मला अधिक जवळची वाटते ती त्याच सुमारास सिडकोसाठी त्यांनी नवी मुंबईत बेलापूरला उभारलेली वसाहत, जिला आर्टिस्ट्स व्हिलेज म्हणतात. ४५ ते ७५ चौरस मीटरांचे भूखंड, सुमारे ८ मीटर लांबी-रुंदीच्या सामाईक चौकाभोवती सात-सात घरे, प्रत्येकाला थोडे उघडे आभाळ, आणि शेजाऱ्याला न दुखावता घर वाढवता यावे म्हणून राहत्या खोल्यांच्या भिंती एकमेकींना न जोडलेल्या. घरे वाढलीही. त्यांतली अनेक उतरत्या छपराची मूळ घरे आज राहिलेली नाहीत. त्यांच्या जागी सपाट स्लॅबची दुमजली, तिमजली घरे आली आहेत. वास्तुकलेचे अभ्यासक याबद्दल हळहळतात. मी तेवढा हळहळत नाही, कारण वाढण्याची मुभा दिल्यावर कोणत्या दिशेने वाढावे हे रहिवाशांनीच ठरवायचे होते. खंत एवढीच की वाढताना पहिला बळी आपल्याच वाट्याच्या आभाळाचा गेला, आणि सपाट स्लॅबमुळे या वाढीला अडवणारे छप्पर तिथे उरलेले नव्हते.

आमच्या नात्यातल्या एका घराला गेल्या वर्षी पुढे पडवी काढायचे ठरले, तेव्हा माझा सल्ला घेण्यात आला. कौले ठेवा, रुंदी ८ फुटांवर थांबवा, पश्चिमेची वळचण खाली येऊ द्या आणि काचा मुळीच लावू नका, एवढे मी तळमळीने सांगितले. सर्वांनी ते आदराने ऐकून घेतले आणि १६ फुटांची, पत्र्याची, तिन्ही बाजूंनी सरकत्या काचांची पडवी बांधली. जागा ऐसपैस झाली आहे, पाहुणेही खूश असतात. सध्या तिथे एसी कोणत्या भिंतीवर बसवायचा यावर खल चालू आहे, कारण काचांमुळे भिंत अशी एकच उरली आहे आणि तिच्यावर आजोबांचा फोटो आहे.