पारी मळायची नसते

सप्टेंबर जवळ आला की सिंगापूरमध्ये आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये माणसांपेक्षा खोके जास्त दिसतात. लाल, सोनेरी, मखमली अस्तराचे. आत मूनकेक (चिनी लोकांच्या शरदातल्या चंद्राच्या सणाची, सारण भरून भाजलेली मिठाई) असतात चारच, पण खोका असा की रिकामा झाल्यावर बांगड्या ठेवायला काढावा. मी ठेवल्यात. दिवाळीत सुक्या मेव्याचा डबा जसा याच्याकडून त्याच्याकडे फिरत राहतो, तसे हेही फिरतात. खरं सांगायचं तर मला मूनकेक कधी आवडला नव्हता. गच्च, गोडमिट्ट, आणि मध्ये खारट अंडं.

मग 2023 मध्ये शेजारच्या आन्टींनी (इथे वयाने मोठी प्रत्येक बाई आन्टी, मासेवालीसुद्धा) घरी केलेला एक बशीत घालून आणून दिला. त्याची पारी मऊ होती, आतलं सारण रवाळ नव्हे तर लोण्यासारखं, आणि गोडीला तळाशी शेंगदाणा तेलाचा वास. आन्टी कँटोनीज, म्हणजे मूळच्या दक्षिण चीनकडच्या. त्यांच्या घरात तेल म्हणजे शेंगदाण्याचं. मी सांगलीची. तिथेच आमचं जमलं.

"शिकवाल का?" विचारलं तर म्हणाल्या, "शिकवायचं काय? ये आणि बघ." पण पुढच्या वर्षी मला दम निघाला नाही. व्हिडिओ पाहिले, साहित्य आणलं आणि 2024 च्या अनंत चतुर्दशीला, 17 सप्टेंबरला, एकटीच करायला बसले. त्या वर्षी त्यांचा सणही त्याच दिवशी होता. चिनी आठव्या महिन्याची पंधरावी रात्र म्हणजे पौर्णिमाच. बहुतेक वर्षी ती आपल्या गणपती विसर्जनाच्या आगेमागे येते.

इतक्या वर्षांच्या मोदक-पुरणपोळ्यांनंतर मैद्याच्या पारीत सारण भरायला मला कोण शिकवणार, असा माझा तोरा होता. सारणापुरता तो खराही ठरला. वाळलेलं कमळबी रात्रभर भिजवायचं, दोन पाकळ्या करून मधला हिरवा कोंब काढायचा (एक जरी राहिला तरी कडू), मऊ शिजवून वाटायचं आणि साखर, तेल घालून कढईत आटवायचं. हे कमळबी म्हणजे पूजेत असतो तो कमळगट्टा, फक्त सोललेला. मखाणे नव्हेत. मखाणा वेगळ्याच पाणवनस्पतीचा, पण आपल्याकडे सर्रास त्याला कमळाचं बी म्हणतात. आई व्हिडिओ कॉलवर बघत होती. म्हणाली, "अगं, हे पुरणच की. पळी उभी राहीपर्यंत हलव." पाऊण तास हलवलं. पळी उभी राहिली. कढईच्या कडा सुटल्या, गोळा फिरू लागला.

"आणि ते अंडं कशाला त्यात?"

"चंद्र आहे तो, आई."

"आपण चंद्राला दूध दाखवतो," असं म्हणून तिने फोन ठेवला.

घोटाळा झाला तो पारीत. मैदा, पाक, तेल एकत्र केलं आणि हात आपोआप चालायला लागले. पुरणपोळीची कणीक कशी, तेल लावून लावून तिंबायची, ओढली तर तार यावी अशी. मी दहा मिनिटं ती पारी तिंबली. छान लवचिक झाली. मला वाटलं, जिंकलं. साच्यातून काढल्यावर नक्षी लखलखीत होती. ओव्हनमध्ये पाच मिनिटांत ती फुगून पुसट झाली, कडांना पोट सुटलं, दोघांना वरून भेग गेली. बाहेर काढून चाखला तर पारी खापरासारखी. मी सगळे एका डब्यात कोंबले, डबा फ्रिजच्या डोक्यावर ठेवला आणि मोदक खाल्ले.

तीन दिवसांनी आन्टी आल्या. डबा बघून त्यांनी विचारलं, मला लाज वाटत होती तरी उघडावा लागला. आणि पारी मऊ झाली होती! खडखडीत होती ती दाबली तर दबत होती, वर हलकी तकाकी आलेली. आन्टी म्हणाल्या, "हुई यौ." तेल परत येणं. भाजल्यावर पारी कोरडीच असते. दोन-तीन दिवस झाकून ठेवली की सारणातलं तेल आणि ओल हळूहळू पारीत उतरते. म्हणून मूनकेक केल्या दिवशी खायचा नसतो. ताज्याचं कौतुक असलेल्या आपल्या जिभेला हे पटायला वेळ लागतो. आपल्याकडे तव्यावरची पोळी पानात पडेपर्यंत थंड झाली तर घरात भांडण.

पोट मात्र सुटलेलंच राहिलं. ते बघून आन्टींनी एकच प्रश्न विचारला: "मळलंस?"

2025 ला मी शहाणपण बाजूला ठेवून जुलैमध्येच त्यांच्याकडे गेले, कारण काम पाकापासून सुरू होतं आणि पाक मुरावा लागतो. अर्धा किलो साखर, पाव लिटर पाणी, एका लिंबाचा रस. उकळी आली की पळी घालायची नाही, मंद आंचेवर तासभर नुसतं बघत बसायचं. आपण पाकात लिंबू पिळतो ते साखर परत दाणेदार होऊ नये म्हणून. इथेही तेच, पण इथे तासभर आंबटात शिजून साखर फुटते, तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, आणि पाक मधासारखा राहतो, सहसा गोठत नाही. पारी मऊ ठेवणारा हाच. मी सवयीने चिमटीत तार बघायला गेले, तर आन्टींनी हात झटकला. त्यांची कसोटी वेगळी: गार पाण्याच्या वाटीत थेंब टाकायचा, तो विरघळून न जाता तळाशी जाऊन बसला की झालं. त्यांच्याकडची बाटली तर गेल्या वर्षीची होती, कोऱ्या चहाच्या रंगाची. माझी दोन महिन्यांची.

अंडी मुरवायची हौस मी स्वतः केली नाही. बदकाची अंडी महिनाभर मिठात मुरवतात. बाजारात ती काळा लेप लावलेली मिळतात, धुऊन फोडली की बलक नारिंगी गोळीसारखा घट्ट निघतो. धुऊन, पाच-सहा मिनिटं भाजून घेतला.

आता पारी. 100 ग्रॅम मैदा, 70 ग्रॅम पाक, 25 ग्रॅम शेंगदाणा तेल आणि अर्धा चमचा कान्सुई. कान्सुई म्हणजे क्षाराचं पाणी, आपल्या पापडखाराचा चुलतभाऊ म्हणा. पाकातला लिंबाचा आंबटपणा तो मारतो आणि भाजताना रंग चढवतो. पाक, तेल, क्षार आधी एकजीव करायचं, मग मैदा घालायचा आणि उलथन्याने फक्त दुमडायचं. माझे हात तोवर पाठीमागे बांधल्यासारखे. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं, झाकून दोन तास विसरायचं. मळलं की मैद्याला चिवटपणा येतो. तो चिवटपणा पोळी लाटताना देवासारखा धावून येतो आणि इथे ओव्हनमध्ये पारी आखडून नक्षी खाऊन टाकतो. गोळा हातात घेतला तर ढिला, चिकट, जीव नसल्यासारखा. आईला दाखवला असता तर तिने आणखी पीठ घातलं असतं.

पारी 15 ग्रॅम, सारण बलकासकट 35 ग्रॅम, एका केकला अर्धा बलक. काट्यावर मोजूनच, कारण साचा पन्नासचा. इतकी पातळ पारी इतक्या सारणावर चढणार कशी? इथे मात्र मोदकाचा हात कामी आला. सारणाचा गोळा पारीवर ठेवायचा आणि अंगठ्याच्या फटीत धरून फिरवत फिरवत पारी वर सरकवायची. आन्टी चष्मा कपाळावर घेऊन बघत होत्या. "हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, गणपतीने. त्यांना कळलं नसावं, पण मान डोलावली.

त्यांच्याकडे आईचा लाकडी साचा आहे. मैद्याने पुसून गोळा दाबायचा, मग साचा ओट्याच्या कडेवर डावीकडे, उजवीकडे आणि समोर ठाकठाक आपटायचा. खालच्या मजल्यावर कळतं कोणाकडे मूनकेक चाललेत. माझा साचा दांड्याचा प्लॅस्टिकचा, दाबला की केक बाहेर. सोपा, पण आवाज नाही त्याला.

भाजण्याआधी पाण्याचा हलका फवारा. 200 अंशांवर पाच मिनिटं, बाहेर काढून निवू द्यायचं, मग साध्या, ताज्या अंड्याच्या बलकात थोडं पाणी घालून ब्रशने अगदी पुसटसं लावायचं. हात जड पडला तर नक्षीच्या खाचा बुजतात. माझ्या पहिल्या दोघांच्या बुजल्या. परत 175 वर पंधरा मिनिटं. तेरा झाले. पोट एकाचंही सुटलं नाही.

(तेओच्यू या दुसऱ्या चिनी समाजाचा मूनकेक निराळाच असतो, पदर सुटलेला, वर गोल भोवरे. तो मी पाहिला आणि ओळखला: साटा लावून गुंडाळी कापतात, आपला चिरोटाच. पुढच्या वर्षी तो.)

2025 ला त्यांच्या पंचांगात सहावा महिना दोनदा आला, आपल्या अधिकासारखा, म्हणून सण पुढे ढकलला आणि 6 ऑक्टोबरला आमची कोजागिरी आणि त्यांचा सण एकाच चंद्राखाली. मूनकेक मी 3 तारखेलाच करून डब्यात ठेवले होते. संध्याकाळी खाली पोरं कंदील घेऊन हिंडत होती, बॅटरीवर गाणी म्हणणारे. मी दूध आटवलं, केशर, जायफळ, चारोळ्या. आन्टींनी मला चंद्रावर औषध कुटणारा ससा दाखवला. मी म्हटलं, आमच्याकडेही ससाच, म्हणून तर त्याला शशांक म्हणतात. ढग होते, दोघींनाही ससा दिसत नव्हता.

मी केक चार तुकड्यांत कापला. बलक बरोबर मध्यभागी आला नव्हता, जरा कडेला. आन्टींनी एक फोड चावून चावून खाल्ली, दुधाचा घोट घेतला, मग पारी दिव्याकडे धरून बघितली.

"रंग जरा गडद झालाय. कान्सुई जास्त."

घरी येऊन वहीत 'अर्धा चमचा' खोडला आणि वर लिहिलं: अर्ध्याला थोडा कमी.