भुलाबाईचा डबा

भाद्रपद वद्य २

भुलाबाई बसल्या, म्हणजे आमच्याकडचा पोरींचा गाण्यांचा सण सुरू झाला. आता कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या ओट्यावर गाणी, आणि शेवटी डबा हलवून 'ओळखा खाऊ'. वाचनाचे महागडे संच मागवणाऱ्यांनी हा डबा एकदा नीट पाहावा. चार-पाच वर्षांच्या लेकराला अक्षराआधी जे यायला हवं ते त्यात आहे: शब्द कानानं मोडणं, पहिला आवाज धरणं, न दिसणाऱ्या वस्तूचं नाव मनात शोधणं.

नियम तेवढे थोडे बदलायचे. डब्याचा आवाज ऐकून झाला की पुढची खूण टाळ्यांची. लाडू दोन टाळ्या, शेंगदाणे तीन, गूळ एकच. इथे मोठी माणसंच चुकतात. चिवड्याला तीन टाळ्या वाजवतात, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे चि, व, डा अशी तीन अक्षरं उभी राहतात. तोंडानं मात्र आपण चिव-डा म्हणतो, म्हणजे दोन. लेकरू दोन वाजवतं तेव्हा त्याचंच बरोबर असतं. म्हणून टाळ्यांचा खेळ आणि अक्षरांचा खेळ एका दिवशी ठेवू नये.

टाळ्या जमल्या की पहिल्या आवाजाची खूण. "पे-नं सुरू होतं" म्हटलं की पेरू लवकर येतो. "प-नं" म्हटलं तर थोडा उशीर लागतो. आधी पे, पा, पो असंच चालू द्यावं. पेरू, पापड, पोहे यांत सारखं काय, हे आठवड्याभरानं विचारावं. उत्तर ओरडून नाही, कानात सांगायचं. नाहीतर दुसरी-तिसरीतले पोट्टे आधीच बोंबलतात आणि लहानगं नुसतं टाळ्या पिटत बसतं. सहा-सात लेकरं, दहा मिनिटं, एवढं पुष्कळ. घट बसेपर्यंत जवळजवळ पंधरा दिवस मिळतात. तोवर एकही अक्षर दाखवू नये. निपुण भारत हे केंद्र सरकारचं वाचन-गणिताचं अभियान २०२१ मध्ये आलं, तेव्हापासून तिसरीपर्यंत वाचता यायला हवं हे सगळ्यांना पाठ आहे, पण त्या घाईत अंगणवाडीतल्या लेकराच्या हातात पाटी दिली म्हणून ते काही वाचू लागत नाही. मेळघाटात हाच डबा कोरकूत खेळावा, गडचिरोलीकडे गोंडी-माडियात. कान घरच्या भाषेत तयार होतो.

मग अक्षरं. क-ख-ग-घ या क्रमानं सुरू केलं तर आठवडा जातो आणि एक कामाचा शब्द बनत नाही. व, र, क, म, न, ल आणि काना घ्या: वावर, कान, नाक, मका, वारा, वानर, काम, मामा, लवकर. 'वावर' पहिल्या आठवड्यात वाचता येणं ही आपल्याकडच्या लेकराची मोठी सोय आहे. 'शेत' यायला अजून महिना लागेल. ब मुद्दाम बाहेर ठेवलाय. व आणि ब शेजारी आले की गोंधळ ठरलेला, त्यात दोन-तीन आठवड्यांचं अंतर हवं. घ-ध आणि भ-म यांचंही तेच. क-च्या पोटात व दिसतो खरा, पण उजवीकडचं शेपूट बहुतेकांना पुरतं. हाताला वळण लावताना व-ब-क एकत्र घेतात ते ठीक. डोळ्यांसाठी तेच जाच होतं.

कार्डांना लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू चालतात. आठ सेंटिमीटरचा चौकोन, अक्षर पाच सेंटिमीटर उंच, जाड मार्करनं. शिरोरेषा प्रत्येक कार्डावर वरून दोन सेंटिमीटरवरच आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढायची. मग व, काना, व, र शेजारी सरकवले की वरची रेघ जुळून एक होते आणि शब्द शब्दासारखा दिसतो. रेघ वरखाली झाली तर लेकरू तीन सुटी अक्षरंच म्हणत राहतं. काना वेगळ्या तीन सेंटिमीटर रुंद पट्टीवर, तीच रेघ धरून. हातानं लिहिलेला 'रवा' टाळावा, तो 'खा' वाचला जातो. वेलांटीत आधी दुसरी शिकवावी. पहिली डावीकडे उभी राहते आणि उच्चार मागाहून येतो, त्यामुळे पट्टी कुठे लावायची हेच कळत नाही.

अंगणात बिल्लसची, म्हणजे ठिकरी टाकून लंगडीनं खेळायच्या खेळाची, घरं आखून त्यात अक्षरं लिहायची. सुरुवातीला तीनच अक्षरं, दोन-दोनदा. ठिकरी पडली त्या अक्षराचा शब्द सांगून उडी. दर दोन डावांनी अक्षरं पुसून जागा बदलायच्या, नाहीतर पोरं अक्षर नाही, कोपरा पाठ करतात. "म म्हणजे विहिरीकडचं घर" असं ऐकू आलं की समजायचं.

अक्षरावर बिया मांडण्यासाठी चिंचोके, बांगडीचे नाही तर कवेलूचे घासलेले तुकडे. गुंजा कितीही सुंदर दिसल्या तरी नकोत, विषारी असतात. एरंडी आणि सीताफळाच्या बियाही नकोत. पेरणीच्या पाकिटात उरलेली रंगीत सरकी तर घराच्या आतच आणू नये, तिला औषध लावलेलं असतं. तीन वर्षांच्या आतलं भावंड जवळ असेल तर बियांऐवजी ओली माती.

राहिला ळ. तो उशिरा आणावा, पण टाळता येत नाही. वऱ्हाडात घरी डोया, काया, केयी. कार्डावर डोळा, काळा, केळी. लेकरू कार्ड पाहून "डोया" म्हणालं, तर त्यानं वाचलंय. त्याला "चूक" म्हटलं की ते कार्डाकडे बघायचं सोडून आपल्या तोंडाकडे बघू लागतं. दोन टोपल्या ठेवाव्या, एक घरच्या शब्दाची, एक पुस्तकातल्या. आपण "डोया" म्हणायचं, त्यानं पुस्तकाच्या टोपलीतून जोडीचं कार्ड काढायचं. पानी-पाणी याच खेळात बसतं. आजीला यात घ्यावं. घरच्या टोपलीत तिच्याइतके शब्द कुणाकडे नसतात.

उद्याच्या डब्यात मुरमुरे. मुर-मु-रे, तीन टाळ्या.